वॉशिंग्टन हे आडनाव कोणाचं?

अमेरिकेच्या २००० सालच्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाची १,६३,०३६ माणसं मोजली गेली. त्यांतले नव्वद टक्के लोक कृष्णवर्णीय होते. जेफरसन आडनावात हेच प्रमाण ७५ टक्के होतं, जॅक्सनमध्ये ५३ आणि स्मिथमध्ये २२. देशभर पसरलेल्या आडनावांत वॉशिंग्टनइतकं कृष्णवर्णीयांचं झालेलं आडनाव दुसरं नाही. २०१० मध्ये माणसं वाढून १ लाख ७७ हजारांवर गेली, टक्का थोडा उतरून ८७-८८ झाला, तरी पहिलं स्थान तेच राहिलं. आणि ज्याच्यामुळे हे नाव जगाला माहीत झालं तो व्हर्जिनियातला गोरा जमीनदार. त्याला स्वतःचं मूलबाळ नव्हतं.

आमच्या शेजारी वॉशिंग्टन बाई राहतात. मेरिलंडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीतच त्यांचा जन्म झाला आणि तिथल्याच शाळांत त्यांची सगळी नोकरी गेली. त्या शिक्षिका, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना बाईच म्हणते. त्यांच्या नातवाला शाळेत ‘माझं आडनाव’ या विषयावर लिहायचं होतं आणि त्याने पहिल्याच ओळीत लिहून टाकलं होतं की हे आमच्या पूर्वजांच्या मालकाचं नाव. बाईंना ते वाक्य सहन झालं नाही. वाचनालयातल्या वंशावळीच्या टेबलावर मी स्वयंसेवक म्हणून बसते, हे त्यांना माहीत होतं. त्या कुंपणाशी येऊन म्हणाल्या, “हे खरं असेल तर मला कागद दाखव. आणि खरं नसेल तरीही कागदच दाखव.”

या कामाचा एक नियम आहे. आपल्यापासून एकेक पिढी मागे जायचं. प्रसिद्ध माणसापासून सुरुवात करून आपल्यापर्यंत यायचं नाही. वॉशिंग्टन आडनाव हाती आलं की लोक सरळ माउंट व्हर्ननकडे, म्हणजे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनच्या व्हर्जिनियातल्या मळ्याकडे, धाव घेतात आणि तिथेच वर्षानुवर्षं अडकतात. आम्ही बाईंच्या आईवडिलांपासून निघालो. घरच्या बायबलच्या आतल्या पानावर जन्म-मृत्यू लिहिलेले होते. त्याहून उपयोगी पडल्या अंत्यसंस्काराच्या छापील पत्रिका. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये या पत्रिकांवर गेलेल्या माणसाचा सगळा जीवनवृत्तान्त, आईवडील, भावंडं, गाव, सगळं छापतात, आणि बाईंच्या आईने त्या एका खोक्यात जपून ठेवल्या होत्या. बाईंच्या आजोबांच्या जन्माचं साल त्यातूनच मिळालं.

मग जनगणना. इथे माणसागणिक माहिती ७२ वर्षं बंद असते, त्यामुळे १९५० ची पानं २०२२ मध्ये उघडली. तिथून दशकादशकाने मागे जाता येतं. १८९० चे बहुतेक कागद १९२१ च्या आगीमुळे गेले, म्हणून १९०० वरून एकदम १८८० वर उडी मारावी लागते. १९०० चं पान माझ्या फार जवळचं आहे. त्या वर्षी जन्माचा महिना विचारला होता, लग्नाला किती वर्षं झाली ते विचारलं होतं, आणि प्रत्येक आईला आणखी दोन गोष्टी विचारल्या होत्या: मुलं किती झाली आणि हयात किती आहेत. बाईंच्या पणजीच्या नावापुढे अकरा आणि सहा असे आकडे आहेत. बाई ते पान बराच वेळ न्याहाळत बसल्या. त्या पाच मुलांबद्दल घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

पणजोबा १८८० मध्ये सापडले, १८७० मध्येही सापडले. आडनावाचं लेखन दर खेपेला वेगळं. नोंदणी करणारा दारात उभा राहून कानाला ऐकू येईल तसं लिहायचा. त्यामुळे शोधयंत्रात वॉशंटन, वॉशिंटन, नुसतं वॉश, सगळं घालून पाहावं लागतं. वाचता न येणाऱ्या माणसाला आपलं नाव कसं लिहिलंय हे तपासायची सोय नव्हती.

१८७० ला सगळ्यांचीच वाट अडते. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांची नावं पहिल्यांदा लिहिली गेली ती त्या जनगणनेत. त्याआधी १८५० आणि १८६० मध्ये गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यात नाव मालकाचं, आणि त्याखाली वय, लिंग, वर्ण. पुरुष, ४५, कृष्ण. स्त्री, ३०, कृष्ण. मुलगा, ६, मिश्र. मी असे कितीतरी तक्ते पाहिले आहेत आणि तरी दर वेळी त्या रिकाम्या रकान्यापाशी थबकायला होतं. सुटका होऊन लोक आपलं नाव स्वतः सांगू लागले, ते हे दिवस. त्याच काळात, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी जोतीरावांचं नाव माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि दोनदा उच्चारून पाहिलं.

वाट अडली होती तेवढ्यात नातवाने विचारलं, पण या शब्दाचा अर्थ काय? मग आम्ही समुद्र ओलांडला.

हे मुळात गावाचं नाव. इंग्लंडच्या ईशान्येला, पूर्वीच्या डरॅम परगण्यात, वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. अभ्यासक त्याची फोड अशी करतात: ह्वेसा नावाच्या माणसाशी जोडलेली वस्ती. इंग्रजीत धुण्याला जो शब्द आहे त्याच्याशी काही संबंध नाही. ससेक्समध्ये याच नावाचं आणखी एक गाव आहे, पण या घराण्याचं गाव डरॅमचं. डरॅमच्या बिशपने ११८३ मध्ये आपल्या जमिनींची मोजदाद करून घेतली, ती ‘बोल्डन बुक’ या नावाने ओळखली जाते. त्यात नोंद आहे की हर्टबर्नच्या विल्यमने आपलं हर्टबर्न गाव बिशपला दिलं आणि बदल्यात वॉशिंग्टन घेतलं. गाव बदललं तसं नाव बदललं. आपल्याकडे एखादा हर्टबर्नकर दुसऱ्या गावी वतन घेऊन वॉशिंग्टनकर व्हावा, तसंच हे. आज त्या जागी वॉशिंग्टन ओल्ड हॉल नावाचा वाडा आहे, नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात. दिसते ती इमारत बरीचशी सतराव्या शतकातली.

घराण्याच्या शाखा पुढे लँकेशायरमध्ये गेल्या, तिथून एक जण नॉर्दम्प्टनला आला. लॉरेन्स वॉशिंग्टन हा लोकरीचा व्यापारी, नॉर्दम्प्टनचा महापौर. आठव्या हेन्रीने मठ मोडले तेव्हा त्यांच्या जमिनी विकायला निघाल्या, त्यातलं सल्ग्रेव्ह त्याने १५३९ मध्ये घेतलं. त्याच वंशातला एक पाद्री इंग्लंडच्या यादवी युद्धाच्या काळात, १६४३ मध्ये, एसेक्समधल्या आपल्या चर्चमधून काढला गेला आणि घराची परवड झाली. त्या पाद्र्याचा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापाराच्या जहाजावर चढून व्हर्जिनियाला गेला. परतीच्या वेळी जहाज पोटोमॅक नदीत रुतलं आणि जॉन तिथेच राहिला. ही गोष्ट १६५७ च्या सुमाराची. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हा या जॉनचा पणतू.

इंग्लंडमध्ये हे आडनाव आजही दुर्मीळच आहे. हर्टबर्नच्या विल्यमपासून साडेचारशेहून जास्त वर्षं ते तिकडे होतं आणि फारसं पसरलं नाही. अमेरिकेत मात्र पावणेदोन लाख. ही वाढ एका घराण्याच्या वंशवृद्धीने होणं शक्य नाही, हे नातवाच्या लगेच लक्षात आलं. मग त्याचाच पुढचा प्रश्न: म्हणजे ते सगळे जॉर्ज वॉशिंग्टनचे गुलाम?

याचं उत्तर कागदांत आहे आणि ते नकाराकडे झुकतं. जॉर्ज वॉशिंग्टन अकरा वर्षांचा असताना, १७४३ मध्ये, वडिलांच्या मालमत्तेतून दहा गुलाम त्याच्या वाट्याला आले. १७९९ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, माउंट व्हर्ननवर ३१७ माणसं गुलामगिरीत होती. त्यांतली १२३ त्याच्या मालकीची, १५३ पत्नी मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतली, उरलेली भाड्याने आणलेली. मृत्युपत्राने तो फक्त आपल्या मालकीच्यांना सोडू शकत होता. मार्थाच्या बाजूची माणसं तिच्या वारसांत वाटली गेली. नवरा एका मालमत्तेतला आणि बायको दुसरीतली, अशी कुटुंबं तिथे दुभंगली. त्या वर्षी केलेल्या गुलामांच्या यादीत आडनाव लिहिलेली माणसं अगदी थोडी. ज्यांची आडनावं ठाऊक आहेत त्यांतला सगळ्यांत नावाजलेला म्हणजे वॉशिंग्टनचा खासगी सेवक विल्यम ली. वॉशिंग्टनने त्याला १७६८ मध्ये ली घराण्यातल्या एका विधवेकडून विकत घेतलं होतं. स्वातंत्र्ययुद्धभर तो जॉर्ज वॉशिंग्टनच्या शेजारी घोड्यावर होता, त्याच्या मृत्युपत्राने लगेच मुक्त झालेला तो एकटाच, आणि शेवटपर्यंत तो लीच राहिला.

तरी माउंट व्हर्ननवरून वॉशिंग्टन हे नाव घेऊन बाहेर पडलेला एक माणूस आहे आणि त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हॅरी वॉशिंग्टन. जन्म आफ्रिकेत, गॅम्बियाच्या बाजूला. १७७६ मध्ये तो पळाला आणि ब्रिटिशांच्या सैन्याला जाऊन मिळाला, कारण त्यांनी बंडखोरांच्या गुलामांना स्वातंत्र्य देऊ केलं होतं. १७८३ मध्ये न्यूयॉर्क सोडताना ब्रिटिशांनी बरोबर नेलेल्या कृष्णवर्णीयांची एक वही केली. त्यात हॅरी वॉशिंग्टन, वय ४३, पूर्वी जनरल वॉशिंग्टनच्या मालकीचा, सात वर्षांपूर्वी त्याला सोडून आला, अशी नोंद आहे. तो आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला गेला, १७९२ मध्ये तिथून आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला. तिथली वसाहत चालवणाऱ्या कंपनीच्या कराविरुद्ध वसाहतवाल्यांनी १८०० मध्ये उठाव केला, त्यात हॅरी होता, आणि त्याला हद्दपार केलं गेलं. पूर्वीचा मालक त्याच्या आदल्याच वर्षी वारला होता. दोघांनीही साम्राज्याविरुद्ध बंड केलं. नातवाने आपल्या निबंधात हॅरीला सर्वांत जास्त जागा दिली आणि ते मला योग्यच वाटलं.

मग आडनाव वाढलं कसं? बुकर टी. वॉशिंग्टन यांनी स्वतःचंच उदाहरण लिहून ठेवलं आहे. त्यांचा जन्म १८५६ चा, व्हर्जिनियात, गुलामगिरीत. सुटकेनंतर वेस्ट व्हर्जिनियातल्या शाळेत हजेरी घेताना बाकीच्या मुलांना दोन-दोन नावं आहेत हे त्यांनी ऐकलं. त्यांना तोवर बुकर एवढंच नाव होतं. पाळी आली तेव्हा त्यांनी बुकर वॉशिंग्टन असं सांगून टाकलं. त्यांच्या सावत्र वडिलांचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं. म्हणजे इथे मालक कुठेच नाही. एका मुलाने घरातल्या माणसाचं नाव उचलून आडनाव केलं. ज्यांना असं घरातलं नाव नव्हतं त्यांतल्या पुष्कळांनी ओळखीचं, मानाचं, स्वतंत्र देशाशी जोडलेलं नाव निवडलं. काहींनी मागच्या पिढीपासून चालत आलेलं, मालकांपुढे न उच्चारलेलं आडनाव उघडपणे लावायला सुरुवात केली. हा शेवटचा प्रकार लोकांना फारसा माहीत नसतो, आणि बाईंच्या घराण्याचा कागद नेमका तोच निघाला.

तो मिळाला वॉशिंग्टन शहरातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात. बाईंच्या मामेबहिणीकडे एक आठवण होती की पणजोबा युद्धात होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडच्या राज्यांच्या बाजूने सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले, आणि त्यांतल्या कित्येकांच्या पेन्शनच्या फायली शाबूत आहेत. फाईल मागवायची तर आधी वाचकाचं ओळखपत्र काढावं लागतं, ठरावीक वेळांना मागणीची चिठ्ठी द्यावी लागते, आणि वाचनकक्षात पेन नेता येत नाही, शिसपेन्सिलच. बाई त्या दिवशी चर्चला जातानाची टोपी घालून आल्या होत्या.

वॉशिंग्टन नावाने शोधून पलटणीच्या यादीत कुणी जुळत नव्हतं. पेन्शनच्या सूचीतल्या एका कार्डावर मात्र दोन नावं होती: एक वॉशिंग्टन, दुसरं काउंटीतल्या एका जमीनदार घराण्याचं. फाईल उघडली तेव्हा उलगडा झाला. पणजोबा १८६४ च्या सुरुवातीला शेत सोडून पटक्संट नदीकाठच्या बेनेडिक्ट गावी कॅम्प स्टॅन्टनला पोचले होते. कृष्णवर्णीयांच्या पलटणी तिथे उभ्या राहत होत्या. भरती करणाऱ्याने तू कुणाचा, असं विचारलं, आणि मिळालेलं उत्तर आडनाव म्हणून लिहून टाकलं. युद्धभर ते त्या नावाने हजेरी देत राहिले. पुढे पेन्शन मागताना नावात फरक दिसला म्हणून तपासनीस चौकशीला आला. त्याला त्यांनी जबानीत सांगितलं की माझे वडील वॉशिंग्टन होते, ते नदीपलीकडच्या दुसऱ्या शेतावर असत, शनिवारी रात्री आमच्याकडे येत, युद्धाच्या आधीच वारले. पलटणीतलं नाव मी सांगितलं नव्हतं. त्याच पलटणीतल्या दोघांनी साक्ष दिली की आम्ही आपसात याला वॉशिंग्टन याच नावाने ओळखत होतो. खाली सहीच्या जागी फुली होती.

पणजीच्या विधवा-पेन्शनचे कागदही त्याच फाईलमध्ये होते. गुलामगिरीतल्या लग्नाला दाखला नसायचा, म्हणून लग्न सिद्ध करायला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षी घ्याव्या लागत. त्यामुळेच आज आम्हाला त्या घराचं इतकं काही कळलं.

अ‍ॅनापोलिसच्या राज्य अभिलेखागारात आणखी एक गोष्ट बघायची राहिली होती. मेरिलंडने १ नोव्हेंबर १८६४ ला गुलामगिरी रद्द केली. केंद्र सरकार नुकसानभरपाई देईल या आशेवर राज्याने १८६७ मध्ये मालकांकडून याद्या मागवल्या: त्या तारखेला तुमच्याकडे कोण-कोण होतं, वय काय, प्रकृती कशी, सैन्यात कोण गेलं आणि कोणत्या पलटणीत. ही भरपाई कधीच मिळाली नाही. प्रिन्स जॉर्जेस काउंटीच्या याद्या टिकल्या आहेत, आणि त्यांत माणसांची पहिली नावं आहेतच, कित्येकांची आडनावंही आहेत. पणजोबांच्या मालकाने त्यांच्यापुढे पलटणीचा क्रमांक लिहिला आहे आणि नाव लिहिलं आहे वॉशिंग्टन. चार ओळी वर साठी उलटलेली एक बाई आहे, तिचंही आडनाव तेच. जबानीत पणजोबांनी आईचं जे नाव सांगितलं होतं तेच इथे आहे.

म्हणजे मालकालाही हे आडनाव माहीत होतं. १८५० आणि १८६० च्या तक्त्यांत मात्र हीच माणसं वय, लिंग आणि वर्ण एवढीच उरली होती. पैसे मिळण्याची वेळ आली तेव्हा त्यांची पुरी नावं कागदावर उतरली. मला या गोष्टीचा संताप येतो, आणि त्याच यादीचा आधार घेतल्याशिवाय आमचं काम पुढे सरकलं नसतं, हेही खरं आहे. बाई संतापल्या नाहीत. त्यांनी त्या साठी उलटलेल्या बाईचं नाव, वय आणि पानाचा क्रमांक स्वच्छ अक्षरात उतरवून घेतला.

नातवाचा निबंध तोवर शाळेत देऊन झाला होता. बाईंनी त्याच्याकडून पहिली ओळ नव्याने लिहून घेतली आणि सुधारलेली प्रत त्याच्या शिक्षिकेकडे स्वतः नेऊन दिली. आता शोध आहे तो नदीपलीकडच्या शेताचा. पणजोबांचे वडील युद्धाआधी वारले, तेव्हा ते १८६७ च्या यादीत असणार नाहीत. तिकडच्या जमीनदारांच्या मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या याद्या पाहाव्या लागतील. त्यांत गायीगुरं, नांगर, पलंग यांच्याच ओळीत माणसंही लिहिलेली असतात, पहिलं नाव, वय आणि डॉलरमधली किंमत. आडनाव तिथे बहुधा नसतं. पण पहिलं नाव आम्हाला जबानीतून मिळालेलं आहे, वयाचा अंदाज आहे, आणि शेत नदीपासून शनिवारी रात्री चालत येण्याइतक्या अंतरावर असलं पाहिजे. त्या अंतरातल्या घराण्यांची यादी बाईंनी जुन्या नकाशावरून करायला घेतली आहे.